सामानापाशी कोण बसणार

३ डिसेंबर

बंधुराज,

फोनवर आपलं दोन मिनिटांच्या वर जमत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. दोन वर्षांनी का होईना, आम्हा सगळ्यांना आठवडाभर बर्फावर बोलवावंसं तुला वाटलं, याबद्दल आभार. मनापासून मानते आहे, त्यात टोमणा शोधत बसू नकोस. टोमणे पुढे आहेत.

स्की शिकायच्या वर्गांचं बुकिंग तू करून पाठवलंस, ते काल जेवणं झाल्यावर तुझ्या भावोजींनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. थोरली मोठ्या मुलांच्या गटात. मी आणि भावोजी प्रौढ नवशिक्यांच्या गटात. इथवर ठीक. मग खाली तुझी ओळ: "आई आणि छोटा खाली बसतील. काचेची मस्त खोली आहे, सगळं दिसतं. सामानाकडेही लक्ष राहील."

शेवटच्या तीन शब्दांवर भावोजींचा आवाज बारीक झाला, पण तोवर बाण सुटला होता. आईने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सामानापाशी बसायला एवढ्या लांब कशाला येऊ? घरात काय सामान कमी आहे?" म्हणाली, आणि आत निघून गेली.

यात एवढं लागण्यासारखं काय, ते तुझ्या लक्षात येणार नाही, म्हणून सांगते. आपण दोघं तलावात डुंबायचो तेव्हा टॉवेल आणि चपला घेऊन काठावर कोण बसायचं? होडीत तिघांनाच जागा आहे म्हटल्यावर काही न बोलता उतरून कोण जायचं? कुठेही गेलं की सामानापाशी आई, हे कुणी ठरवलं नव्हतं. ठरवायची वेळच आली नाही. बाबा तर तिच्याकडे न बघताच पिशवी मागे करायचे आणि तिचा हात तिथे असायचाच.

तर आता तुझी बाहत्तर वर्षांची आई म्हणते आहे की ती स्की शिकणार. मीही आधी हसले. मग तिचा चेहरा बघितला. तिचंही नाव घालून घे.

— ताई


१० डिसेंबर

अरे,

तुझं उत्तर आलं. एवढ्या पत्राला दोन ओळी. "तिचं वय काय, गुडघे कसले. हे खूळ तिच्या डोक्यात कोणी भरवलं?" कोणी म्हणजे मी, हे न लिहिताही कळलं. आणि खाली, "शाळेचे नियम आहेत, हवं तर तूच बोलून बघ." उंटावरून शेळ्या हाकणं तुला लहानपणापासून छान जमतं.

बोलले. आठवडाभर बोलतेच आहे. तिथे बुकिंगला एक बाई बसतात. कधीही फोन करा, त्या काहीतरी खात असतात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, पासष्टच्या पुढच्यांना गटात घेत नाही, विषय संपला. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, एकट्यासाठी वेगळा शिक्षक मिळतो, पण डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. चिठ्ठी पाठवली. तर म्हणाल्या, यात गुडघ्यांचा उल्लेख नाही. गुडघ्यांचा उल्लेख करून आणला. तर म्हणाल्या, ही चिठ्ठी छोट्या मुलाची आहे की आजींची, कारण वहीत नाव एकाचं आणि जन्मसाल दुसऱ्याचं पडलंय. ही चूक त्यांची स्वतःची होती, आणि ती त्यांना पटवून देईपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी आता मला विचारते, काय गं, घसरलीस का नाही अजून?

डॉक्टर मात्र भला माणूस. आईला उठवलं, बसवलं, एका पायावर उभं केलं, जिना चढायला लावला. मला बाजूला घेऊन म्हणाले, गुडघे वयाच्या मानाने उत्तम आहेत, आणि हट्टावर माझ्याकडे औषध नाही.

घरी सराव सुरू आहे. भावोजींनी कुठेतरी बघितलं की मोजे घालून गुळगुळीत फरशीवर घसरायची सवय करावी. त्यांनी आईला बैठकीच्या खोलीत उभं केलं, पुढे वाका, गुडघे सैल सोडा, असं सगळं सांगितलं, आणि करून दाखवताना स्वतःच चपलांच्या कपाटावर जाऊन आदळले. आईने त्यांना उठवलं. तिला अजून एकदाही पडायची पाळी आली नाही. गेला आठवडाभर भावोजींच्या तोंडी स्कीशिवाय दुसरा विषय नाही. या माणसाने आयुष्यात जिना सोडून कशाचाही उतार पाहिलेला नाही.

आता खरी पंचाईत. शेंडेफळ तीन वर्षांचं आहे आणि चारच्या आतल्यांना कुठलाच वर्ग नाही. आई शिकायला गेली तर त्याच्यापाशी आणि सामानापाशी कोण बसणार? हे मी काल जेवताना विचारलं. सगळ्यांना अचानक आपापल्या ताटात फार काही दिसायला लागलं. मीही त्यातच आले. मला शिकायचं आहे रे. चाळिशी उलटल्यावर कुणी आपल्याला काही नवीन शिकवायला येत नाही, आणि हे कुणी शिकवतंय तर मला ते हवं आहे. हे तुला लिहिते आहे, घरात बोललेले नाही.

तू कुठल्या दिवशी पोहोचणार आहेस तेवढं नक्की कळव. "बघतो" नको.

— ताई


२३ डिसेंबर

बंधुराज,

उत्तर आलं, "बघतो".

ठीक. आज मी तुला एक गोष्ट सांगणार आहे, जी तुला सांगू नकोस असं आईने मला बजावून सांगितलं आहे. म्हणूनच सांगते आहे.

काल आम्ही बर्फातल्या कपड्यांच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने भावोजींसाठी तीन वेगवेगळ्या मापांच्या विजारी काढल्या, थोरलीने एकही रंग पसंत केला नाही, शेंडेफळाने टोप्यांचा ढीग पाडला. आई आरशासमोर त्या जाड फुगीर कपड्यांत उभी होती. हात शरीराला टेकत नव्हते. चेन वरपर्यंत जात नव्हती म्हणून ती दोन्ही हातांनी ओढत होती. गर्दी, उकाडा, आणि दुकानदार सारखा म्हणतोय, आजींना बसायला खुर्ची देऊ का. माझा संयम सुटला. म्हटलं, "आई, पुरे झालं आता. कशासाठी चाललंय हे? सामानापाशी नाही बसायचं ना, नको बसूस. हॉटेलात आराम कर. पण हे कशाला?"

ती आरशातूनच माझ्याशी बोलली. "तो दिवसभर वर असणार. खाली बसले तर मला जेवायच्या वेळेपुरता दिसेल. तेवढा तर तो त्याच्या घरीही दिसत होता."

बस, एवढंच. मग चेन वर गेली आणि तिने दुकानदाराला सांगितलं की हे घेते.

मला वाटत होतं की ती सामानावरून रुसली आहे. जन्मभर काठावर बसवलं त्याचा राग आता काढते आहे, असं समजून मी तिच्या वतीने आख्खा आठवडा त्या बुकिंगच्या बाईंशी भांडत होते. तर आई साधा हिशेब करून बसली होती, की मुलगा जिथे असतो तिथे जायचं तर काय काय शिकावं लागेल.

आता दोन वर्षांपूर्वीचं. बाबा गेल्यावर तू तिला तुझ्याकडे नेलंस, आणि ती बारा दिवसांत परत आली. तू मला म्हणालास, आईला माझ्याकडे करमत नाही. मी म्हटलं, तुझ्याकडे तू असतोस कुठे? त्यावर तू फोन ठेवलास, तो अजून ठेवलेलाच आहे. मी बोलले ते मागे घेत नाही. आई त्याबद्दल आजवर एक अक्षर बोलली नव्हती. विचारलं की म्हणायची, छान घर आहे त्याचं, खिडकीतून डोंगर दिसतो. सकाळी तू ऑफिसला आणि सुट्टीच्या दिवशी स्की घेऊन त्या डोंगरावर, आणि ती खिडकीत. तो डोंगर तिने किती बघितला असेल, हे माझ्या काल डोक्यात आलं.

हे वाचून तुला वाईट वाटावं म्हणूनच लिहिलं आहे. पण वाईट वाटून घेऊन तिथेच थांबू नकोस, ती तुझी जुनी सवय आहे. ये.

— ताई


१७ जानेवारी, मंगळवार संध्याकाळ

पोहोचलो. तुझा निरोप आमच्या आधी पोहोचला होता. "ऑफिसात अचानक काम निघालं. या आठवड्यात जमेलसं दिसत नाही. बुकिंग सगळं आहेच, तुम्ही मजा करा."

छान पानं पुसलीस तोंडाला.

हा निरोप मी हॉटेलच्या दारात उभी राहून वाचला. एका हातात शेंडेफळ, दुसऱ्या हातात पिशव्या, आणि दातांत हातमोजे. मागून आई विचारत होती, त्याची गाडी दिसते का गं कुठे? मी तोंडातले हातमोजे काढले नाहीत. काढले असते तर बोलावं लागलं असतं.

शेवटी भावोजींनी सांगितलं. आई म्हणाली, काम असेल. तुझ्या बाजूने बोलायला ती कायम तयार असते, त्यात नवीन काही नाही. नंतर खोलीत ती पलंगावर बसून बुटांच्या जाड मोज्यांच्या घड्या घालत होती. घालायची, उलगडायची, परत घालायची. मी म्हटलं, आई, आता नाही शिकलीस तरी चालेल. तर म्हणाली, "शिक्षकाला सांगितलंय ना उद्या येते म्हणून?"

मी नकाशा बघितला. तुझ्या ऑफिसपासून इथवर गाडीने अर्धा दिवसही लागत नाही. तू तिथेच आहेस, आणि काम निघालेलं नाही. निघालं असतं तर तू त्याचं नाव सांगितलं असतंस. लहानपणी पोट दुखतंय म्हणायचास तेव्हाही नक्की कुठे ते सांगायचा नाहीस. आम्ही आल्यावर समोरासमोर बसून काय बोलायचं, या विचाराने तुझे हातपाय गळाले आहेत. मलाही माहीत नाही काय बोलायचं ते. तरी मी आले ना?

सही करत नाही. राग आला आहे.


१८ जानेवारी, बुधवार

आजचं ऐक. तू इथे असतास तर पोट धरून हसला असतास, आणि मग मी तुला बदडलं असतं.

सकाळी सगळे नखशिखांत सजून स्की-शाळेच्या खिडकीपाशी गेलो. त्या बाई प्रत्यक्ष दिसल्या. बिस्किट खात होत्या. वही उघडून म्हणाल्या, तुमच्यापैकी एकाच व्यक्तीचा वर्ग आहे. म्हटलं, असं कसं? आम्ही चौघं आहोत. म्हणाल्या, बाकीच्यांनी रद्द केले.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.

मी माझा सोमवारी रद्द केला होता. भावोजी महिनाभर एवढे नाचत होते, म्हटलं जाऊ दे, त्यांना शिकू दे, शेंडेफळापाशी मी बसते. आयत्या वेळी सांगू, म्हणजे वाद नको. भावोजींनी त्यांचा त्याच्याही आधी केला होता. का, तर "तुला कधी काही स्वतःसाठी मिळत नाही, म्हटलं तू जा, मी बसतो." आणि थोरली, जी घरात एका शब्दाला दहा शब्द परत करते, तिने गुपचूप फोन करून स्वतःचं नाव काढलं होतं, कारण आजी अनोळखी माणसाबरोबर एकटी घाबरेल, मी तिच्याबरोबर चालेन. चालायला परवानगी नसते हे तिला आज कळलं. आमच्या जागा रांगेतल्या लोकांना केव्हाच दिल्या होत्या. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. बाईंनी मात्र पहिल्यांदाच खाणं थांबवलं आणि विचारलं, तुम्ही घरात एकमेकांशी बोलत नाही का?

मी काय सांगणार होते? आपल्याकडे हे असंच चालत आलंय. स्वतःला काय हवं ते कुणी म्हणायचं नाही, दुसऱ्याला काय हवं ते परस्पर ठरवायचं, आणि वर त्याला चकित करायचं. भावोजी मूळचे असे नव्हते, लग्नानंतर त्यांनाही लागण झाली. पण एक मात्र तुला सांगून ठेवते. आम्हा तिघांपैकी प्रत्येकाने स्वतःचं नाव दुसऱ्या कुणासाठी तरी काढलं. स्वतःसाठी काढणारा तू एकटा.

तेवढ्यात आईची शिक्षिका आली. विशीतली पोरगी, नाकावर मलमाचा पांढरा पट्टा. आईने आपली पिशवी माझ्याकडे दिली, चष्म्याची डबी भावोजींकडे, टोपी थोरलीकडे, आणि दारातून वळून म्हणाली, "सामान नीट बघा."

तर आम्ही सगळे त्या तुझ्या मस्त काचेच्या खोलीत. तू म्हणतोस ते खरं आहे, सगळं दिसतं. आई पहिल्यांदा बसकण मारून पडली तेव्हा भावोजी उठून धावलेच, त्यांना दारातल्या माणसाने परत पाठवलं. मग ती बाजूला पडली, मग समोर. त्या पोरीने तिला हात दिला नाही, कसं उठायचं ते शिकवलं. मला त्या पोरीचा इतका राग आला की सांगता सोय नाही. एवढ्या वयाच्या बाईला बर्फात लोळत ठेवून ही समोर उभी राहते. चार वर्षांची पोरं आईच्या बाजूने रांगेत सरसर खाली जात होती. शेंडेफळ काचेला नाक लावून ओरडत होतं, आजी उठ. आणि मी दोन्ही हातांत पिशवी घट्ट धरून बसले होते, हे माझ्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. नुसतं बघत बसणं किती अवघड असतं रे. ती कसं करत आली?

शेवटी शेवटी ती पोरगी तिचे दोन्ही हात धरून उलटी चालत होती आणि आई तिच्याकडे घसरत येत होती. मग पोरीने हात सोडले. आई आली. फार नाही, आपल्या जुन्या घराच्या व्हरांड्याएवढं अंतर असेल. आली आणि उभी राहिली.

आत आल्यावर तिचे गाल लालबुंद झाले होते. पाणी प्यायली आणि विचारलं, "रोज येणारी मंडळी कुठल्या उतारावर जातात?" भावोजींनी लांब वर बोट दाखवलं. तिने बराच वेळ तिकडे पाहिलं. मग म्हणाली, उद्याचा वर्ग कितीला आहे?

— ताई


२० जानेवारी, शुक्रवार

धाकट्या,

काल दिवसभर मी तुला लिहायचं टाळलं. आज टाळता येत नाही.

आमचेही वर्ग लागले. बुकिंगच्या बाईंनी आपल्या अधिकारात काहीतरी जमवलं. मी आणि भावोजी आता आळीपाळीने सामानापाशी बसतो. मी दोनदा कुंपणात गेले. भावोजी एकदा दुसऱ्याच गटात गेले आणि तिथेच शिकत राहिले. थोरलीला येतं. तिला सगळंच येतं, हा तिचा दोष आहे.

आज सकाळी आई सरकत्या पट्ट्यावर उभी राहून लहान उताराच्या माथ्यावर गेली. एकटी. शिक्षिका खाली थांबली होती. आम्ही सगळे, शेंडेफळासकट, काठावर. ती वर बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, घाबरली. भावोजी म्हणाले, दम खात असेल. मग ती निघाली. वाकलेली, हात पुढे, तोंडाने काहीतरी पुटपुटत, उताराच्या अर्ध्यावर थोडी डगमगली, सावरली, आणि खाली येऊन पायांचे पुढचे भाग जवळ आणून थांबली. स्वतःची स्वतः थांबली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी वाऱ्यावर ढकललं.

शिक्षिकेने तिला शाबासकी दिली आणि म्हणाली, अशाच शिकलात तर रविवारी सकाळी, निघायच्या आधी, तुम्हाला तारेवरच्या पाळण्याने थोडं उंचावर नेते. आईने तिला सांगितलं, "तिथे तू नको गं. तिथे मला माझा मुलगा नेणार आहे." पोरीने विचारलं, कधी येणार आहे तो? आई म्हणाली, येईल.

मी हे ऐकत उभी होते. तुझा राग राग करायलासुद्धा जोर उरला नाही.

थोरलीने आईचे ढीगभर फोटो काढले होते. उतरतानाचे, थांबतानाचे, हात वर केल्याचे. म्हणाली, आजी, थांब, मामाला पाठवते, त्याचा विश्वासच बसणार नाही. आईने तिच्या हातातून फोन काढून घेतला. तुला माहीत आहे, ती कुणाच्या हातातलं कधी काही घेत नाही.

"नको पाठवूस," म्हणाली. "फोटो बघितला की त्याला आल्यासारखं वाटेल."

म्हणून या पत्राबरोबर फोटो नाही. रविवारी दुपारी आम्ही निघतो.

— ताई